पहाऱ्यावरून परिचर्येकडे

1943 मध्ये हिल्डगार्ड पेप्लाऊ ही परिचारिका अमेरिकी लष्कराच्या आर्मी नर्स कोअरमध्ये दाखल झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या त्याच काळात ल्यूथर ख्रिस्टमन हा रीतसर नर्सिंग शिकलेला तरुणही त्याच दलाकडे गेला होता. आघाडीवर पाठवा, जखमींची शुश्रूषा करतो, एवढंच त्याचं मागणं. त्याला नकार मिळाला, कारण तो पुरुष होता. त्यानं सिनेटरांना पत्रं लिहिली, तरी नियम बदलला नाही. युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर, 1955 मध्ये, एडवर्ड लायन हा पहिला पुरुष त्या दलात अधिकारी म्हणून घेतला गेला. ख्रिस्टमननं युद्धाचा काळ समुद्री सेवेत औषधोपचाराचं काम करत काढला होता, आणि लायनला कमिशन मिळालं तेव्हा ख्रिस्टमन दक्षिण डाकोटातल्या यँक्टनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा परिचर्या-संचालक होता.

पेप्लाऊ आणि ख्रिस्टमन दोघंही पेन्सिल्व्हेनियात जन्मलेले. दोघांचं काम मनोरुग्णांच्या परिचर्येत घडलं आणि दोघंही आपल्या क्षेत्राच्या नेतृत्वापर्यंत पोचले. पेप्लाऊ पुढे अमेरिकन नर्सेस असोसिएशनची अध्यक्ष झाली. आज सोलापूर-नांदेडच्या नर्सिंग कॉलेजातली मुलगीही परीक्षेत तिच्या परिचारिका-रुग्ण नात्याच्या सिद्धान्तावर उत्तर लिहिते. ख्रिस्टमन 1967 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात नर्सिंगचा डीन झाला, अमेरिकेत त्या पदावर बसलेला पहिला पुरुष. आपल्याकडे वर्दी उतरवणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं याचा विचार करताना मला ही दोन आयुष्यं शेजारी-शेजारी ठेवावीशी वाटतात.

अठरा-विसाव्या वर्षी भरती झालेला आपला जवान पस्तिशीच्या आगेमागे पेन्शन घेऊन गावी येतो. मुलं शाळेत असतात, घराचा स्लॅब पडायचा असतो, अंगात अजून वीस-पंचवीस वर्षांचं काम शिल्लक असतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी, शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी अशा गावांत ही घरोघरची गोष्ट आहे. मग बँकेच्या दाराशी दुनळी बंदूक, कारखान्याच्या गेटवर नोंदवही, नाहीतर एखाद्या सोसायटीच्या केबिनमध्ये रात्रपाळी. माजी सैनिक म्हटलं की आपल्या कल्पनाशक्तीला सुरक्षारक्षकापलीकडे काही सुचत नाही. सरकारी रुग्णालयांच्या फाटकावरही तोच उभा असतो, मनोरुग्णालयांच्याही.

फाटकाच्या आत काय आहे? येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून 5,695 मंजूर खाटा आहेत, त्यातल्या 2,540 एकट्या येरवड्याला. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढ त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारानं त्रस्त असल्याचं आढळलं, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या मानसिक आरोग्य अ‍ॅटलासमध्ये आपल्या देशात या क्षेत्रात काम करणाऱ्या परिचारिकांचं प्रमाण लाखामागे एकही भरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या तुटवड्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. परिचारिकांच्या तुटवड्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि रुग्णाचे चोवीसपैकी जवळजवळ चोवीस तास जातात ते डॉक्टरांबरोबर जात नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या जवानाची इच्छा आणि वृत्ती असेल त्याच्यासाठी मानसिक परिचर्येत येण्याचा, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीपर्यंत नेणारा पक्का रस्ता सरकारनं बांधावा. तो रस्ता वॉर्डात संपू नये. रुग्णालयं कशी चालावीत हे जिथे ठरतं तिथवर जावा. आणि त्याला त्याच्या मनगटासाठी घेऊ नये.

हे शेवटचं मी मुद्दाम म्हणते, कारण मनोरुग्णालयांनी पुरुषाला आजवर बहुतेक मनगटासाठीच घेतलेलं आहे. फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया हॉस्पिटलनं 1914 मध्ये पुरुषांसाठी नर्सिंगची शाळा काढली ती आपल्या मानसिक विकारांच्या विभागात. लिरॉय क्रेग हा तिचा प्रमुख मोठा ध्येयवादी माणूस होता, पण बाहेरच्या जगाचा हिशोब वेगळा होता: आवरायला कठीण रुग्णांसाठी पुरुष बरे. ख्रिस्टमन याच शाळेतून 1939 मध्ये बाहेर पडला. प्रसूतिकक्षात त्याला पाऊल टाकू दिलं गेलं नव्हतं. मनोरुग्णांच्या कक्षात मात्र पुरुषाला कोणी अडवत नव्हतं. ब्रिटनमधल्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळांनीही सैन्यातून सुटलेल्या माणसांना अशाच कारणासाठी पसंती दिली. उंची, आवाज, शिस्त, किल्ल्यांचा जुडगा.

आपला इतिहासही याहून गोड नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 1999 च्या अहवालात देशातल्या कितीतरी मनोरुग्णालयांची बांधणी आणि वागणूक तुरुंगासारखी असल्याचं नोंदवलं गेलं. दोनच वर्षांनी, 6 ऑगस्ट 2001 ला, तामिळनाडूतल्या एरवाडीत एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले 28 रुग्ण जळून गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर सरळ बंदी घातली. शारीरिक बंधनाला अगदी मोजक्या परिस्थितीत आणि लेखी नोंदीसह परवानगी ठेवली. कायदा आला म्हणून सवयी एका दिवसात जात नाहीत. त्यामुळे 'मनोरुग्णालयात सैनिक' हे शब्द ऐकून कुणाच्या अंगावर काटा आला, तर ती भीती मला खरी वाटते. हुकूम देण्या-घेण्यात उमेदीची वर्षं गेलेला माणूस, ज्याला हुकूम कळतच नाही अशा रुग्णासमोर कसा वागेल?

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्याचा विषय शिकवते. या विषयात एक वही असते, तिला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. विद्यार्थ्यानं रुग्णाशी बोलायचं आणि नंतर आठवून, जमेल तितकं शब्दशः, रकाने पाडून लिहायचं: रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, तेव्हा मला आतून काय वाटलं, माझ्या बोलण्यानं संवाद पुढे गेला की थांबला. ही पद्धत मानसिक परिचर्येत रुजवण्यात पेप्लाऊचा मोठा वाटा. मुलांना ही वही अजिबात आवडत नाही, कारण तिच्यात लपता येत नाही.

पंधरा वर्षांची नोकरी करून आलेला एक हवालदार माझ्या वर्गात होता. प्रवेशाच्या वयोमर्यादेत जेमतेम बसलेला. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं त्याला फौजीदादा म्हणत. त्याच्या पहिल्या वहीत असं होतं: रुग्ण म्हणाला, 'रात्री ते येतात.' यानं उत्तर दिलं, 'इथे कोणी येत नाही. घाबरायचं नाही. झोपा.' पुढच्या रकान्यात रुग्ण गप्प. मी लाल शाईनं लिहिलं, 'खोटा दिलासा. संवाद इथे बंद पडला.' तो दुखावला. म्हणाला, "मॅडम, पोरगा घाबरला तर आम्ही हेच सांगायचो आणि चालायचं." मी म्हटलं, "तो पोरगा तुमच्या हाताखालचा होता. हा माणूस तुमच्या हाताखालचा नाही."

पुढच्या वहीत तोच रुग्ण आणि तेच वाक्य, 'रात्री ते येतात.' या वेळी फौजीदादानं विचारलं, 'कोण येतात?' 'चुलते.' 'येऊन काय करतात?' 'दार वाजवतात. जमीन मागतात.' 'मग तुम्ही काय करता?' 'पलंगाखाली जातो.' रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांची त्या रुग्णाबद्दल कायम तक्रार असायची की हा मुद्दाम फरशीवर झोपतो, सांगितलेलं ऐकत नाही. तो पलंगाखाली का जातो हे कोणी विचारलेलं नव्हतं. त्याचा पलंग दारापासून हलवून ड्यूटीच्या टेबलाजवळ घेतला, आणि तो वर झोपू लागला. भास गेले नाहीत. ते औषधानं पुढे हळूहळू कमी झाले. पण झोप सुरू झाली, आणि मानसिक आजारात झोप सुरू होणं म्हणजे काय ते घरात रुग्ण असलेल्याला विचारावं.

याच माणसाची दुसरी एक गोष्ट. लिथियमवर असलेल्या एका रुग्णाबद्दल तो सकाळी राउंडच्या आधी इन्चार्ज सिस्टरकडे गेला आणि म्हणाला, "काल दुपारपासून हात नेहमीपेक्षा जास्त कापतायत. रात्रीतून दोन उलट्या. आत्ता बाथरूमला जाताना तोल गेला." एवढंच. 'मला वाटतं' नाही, 'बहुतेक' नाही. रक्त तपासलं तेव्हा लिथियमची पातळी वाढलेली निघाली, औषध थांबवलं गेलं. मी त्याला विचारलं, असा रिपोर्ट द्यायला कुठे शिकलात. गस्तीवरून आल्यावर पाहिलं काय आणि अंदाज काय हे वेगळं सांगावं लागतं, म्हणाला. गल्लत केली तर माणूस मरतो.

म्हणजे सैन्यातून दोन गोष्टी त्याच्याबरोबर आल्या होत्या. एक मोडावी लागली आणि दुसरी सोन्यासारखी उपयोगी पडली. मोडण्याचं काम वहीनं केलं, देखरेखीनं केलं, शिक्षणानं केलं. अनुभव आपोआप शहाणपण देतो असं मला वाटत नाही, आणि ज्यानं दुःख भोगलं तोच दुसऱ्याचं दुःख समजू शकतो हे ऐकायला बरं वाटणारं वाक्य तर मला धोक्याचं वाटतं. स्वतः रात्री दचकून उठणाऱ्या माजी सैनिकाला देखरेखीशिवाय वॉर्डात सोडणं हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि रुग्णावरही. निवड कसून करावी लागेल. काहींना नाही म्हणावं लागेल.

पेप्लाऊच्या बाबतीतही युद्धानं एकट्यानं काही केलं नाही. सैन्यात जाण्याआधी ती बेनिंग्टन कॉलेजात मानसशास्त्र शिकली होती, चेस्टनट लॉज या खाजगी मनोरुग्णालयात फ्रीडा फ्रॉम-राइखमन आणि हॅरी स्टॅक सलिव्हन या मानसोपचारतज्ज्ञांची कामाची रीत तिनं पाहिली होती. मग इंग्लंडमधल्या 312 व्या स्टेशन हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली. तिथे लष्कराची मनोविकारचिकित्सा शिकवणारी शाळा होती. लढाईनं मन खचलेले सैनिक तिथे आणले जात. कालपर्यंत धडधाकट असलेली विशी-बाविशीतली मुलं बोलेनाशी झालेली, थरथरणारी. त्यांना जन्मजात दुबळं म्हणून बाजूला काढणं कुणालाच शक्य नव्हतं. थोडक्या दिवसांत, माणसानं माणसाशी नीट वागून त्यांतले कितीतरी पुन्हा उभे राहताना दिसत होते. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, हा पेप्लाऊचा विचार या सगळ्यातून पक्का होत गेला. युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठात शिकत आणि शिकवत तिनं त्याचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित 1948 च्या सुमारास तयार होतं. छापून यायला 1952 उजाडलं, कारण नर्सनं एकटीनं, डॉक्टरचं नाव न जोडता असं पुस्तक लिहावं हे प्रकाशकाला पचत नव्हतं. 1954 मध्ये तिनं रटगर्स विद्यापीठात मानसिक परिचर्येतल्या तज्ज्ञ परिचारिका घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

या कथेत तिच्या गुणांइतकाच सरकारचा वाटा आहे, आणि आपण नेमका तोच विसरतो. भरतीच्या वेळी मानसिक कारणांवरून लाखो तरुण नाकारले गेले, हजारो सैनिक मनानं मोडून परत आले, तेव्हा अमेरिकी संसदेनं 1946 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा केला. त्यात मनुष्यबळ घडवण्यासाठी पैसा ठेवला आणि ज्या चार व्यवसायांना तो मिळाला त्यांत मानसोपचार, मानसशास्त्र आणि समाजकार्याबरोबर मानसिक परिचर्या होती. तिकडे 1944 च्या जी. आय. बिलानं परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळातही असंच झालं: 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेले चार माजी सैनिक घेऊन फिजिशियन असिस्टंट हा नवा अभ्यासक्रम सुरू केला. ही माणसं सैन्यात रुग्णसेवा शिकून आली होती आणि गावी त्यांच्या हाताला त्या लायकीचं काम नव्हतं. स्टेड यांनी त्यांच्या आधीच्या कौशल्याची किंमत ओळखली, आणि जिथे ते अपुरं होतं तिथे शिकवलं. फिजिशियन असिस्टंट हा आज अमेरिकेतला एक प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे.

आता आपल्याकडे या. सैन्यात नर्सिंग असिस्टंट नावाचा ट्रेड आहे. बारावीला विज्ञान घेऊन उत्तीर्ण झालेला मुलगा त्यात जातो, लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर केंद्रात शिकतो, मग फील्ड अँब्युलन्सपासून मोठ्या लष्करी रुग्णालयापर्यंत इंजेक्शन, ड्रेसिंग, सलाइन, रात्रपाळी, मनोविकार कक्ष, सगळं करतो. सतरा-अठरा वर्षं रुग्णसेवा करून तो बाहेर येतो तेव्हा नर्सिंग कौन्सिलच्या दफ्तरात तो कोणीच नसतो. संरक्षण मंत्रालयाच्याच ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत भरतीच्या जाहिराती पाहा: नर्सिंग असिस्टंटच्या जागेसाठी जीएनएम ही परिचर्येची पदविका किंवा सैन्यातला क्लास वन नर्सिंग असिस्टंट कोर्स, दोन्हींपैकी काहीही चालतं. एका खात्याला जे चालतं ते दुसऱ्याच्या लेखी शून्य. बरं, मग त्यानं नव्यानं जीएनएम करावं म्हटलं, तर प्रवेशाला पस्तिशीची मर्यादा. पेन्शन घेऊन तो दारात पोचतो तोवर दार लागलेलं असतं.

सैन्याच्या आतही त्याला वर जायला वाट नव्हतीच. 1943 च्या अध्यादेशानं उभी राहिलेली मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, म्हणजे परिचर्येतला अधिकारीवर्ग, ही स्त्रियांचीच राहिली. ख्रिस्टमनला मिळालेलं उत्तर आपण ऐंशी वर्षांनंतरही देत आहोत. नागरी बाजूलाही हवा फार वेगळी नाही: एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी 2019 मध्ये 80 टक्के जागा स्त्रियांना आणि 20 टक्के पुरुषांना असं प्रमाण ठरवलं गेलं. या व्यवसायात स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सोसलं आणि कमावलं त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, मी त्यांच्यातलीच एक आहे. पण मनोरुग्णालयात पुरुषांचे वॉर्ड असतात, आणि तिथे शिकलेला, नोंदणी असलेला परिचारक नसेल तर त्याची जागा कोण घेतं हे आम्ही सगळे पाहतो. ती जागा कमी शिकलेला, कंत्राटावरचा अटेंडंट घेतो, आणि मारहाणीच्या बातम्या येतात तेव्हा बळीचा बकराही त्यालाच केलं जातं.

माझ्या सहकारी परिचारिकांचा एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. त्या म्हणतात, आमच्याच मुली जीएनएम, बीएस्सी करून दहा-बारा हजारांवर खाजगी दवाखान्यांत राबतायत, सरकारी भरती वर्षानुवर्षं लटकते, आणि तुम्ही पेन्शन घेणाऱ्या माणसांना आणखी एक रांग मोकळी करून देता? त्यांचं दुखणं खरं आहे. म्हणून आहे त्या जागांतला वाटा मी मागत नाही. मानसिक आरोग्यात नवी पदं निर्माण करणं हे आता सरकारवर कायद्यानंच आलेलं काम आहे. 2017 च्या कायद्याच्या 31 व्या कलमात लिहिलंय की लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय मापदंडाला पोचावी म्हणून कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत सरकारनं प्रयत्न करायचे. कायदा लागू झाला 29 मे 2018 ला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत परिचारिकेचं पद आहे. ते जिल्ह्यावरून तालुक्यापर्यंत उतरवलं तरी कितीतरी जणांना काम मिळेल, मुलींनाही आणि माजी सैनिकांनाही.

तालुक्याचं नाव मी सहज घेतलेलं नाही. आपल्या गावातला पुरुष मनाचं दुखणं घेऊन दवाखान्यात जात नाही. तो कंबर दुखते म्हणतो, झोप नाही म्हणतो, आणि बहुतेक वेळा काहीच न म्हणता पितो. माजी सैनिकांच्या घरांत हा प्रश्न किती खोल आहे हे त्यांच्या बायका जाणतात. कॅन्टीनमधून स्वस्तात मिळणाऱ्या रमचा कोटा हा तिथे महिन्याच्या हिशोबाचा भाग असतो. अशा माणसासमोर त्याच्यासारखाच कधीतरी सियाचीनला किंवा पूंछला राहून आलेला, पण आता परिचारक म्हणून शिकलेला माणूस बसला, तर पहिली दहा मिनिटं वाचतात. सैन्यात प्रत्येक जवानाला 'बडी' असतो, जोडीदार. त्याच्या डब्याची, बुटांची आणि उदासीचीही खबर ठेवणारा. गावी आल्यावर पेन्शन मिळते, बडी मिळत नाही. ईसीएचएसच्या प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये मानसिक परिचर्या शिकलेला एक माजी सैनिक असावा, ही मागणी मला अजिबात अवास्तव वाटत नाही.

आणि सरकारला समकक्षता देता येत नाही असं नाही. चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली त्याच महिन्यात, जून 2022 मध्ये, शिक्षण मंत्रालयानं तिच्यातून भरती होणाऱ्या अग्निवीरांसाठी इग्नूचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात सेवेतल्या प्रशिक्षणाला पदवीचे 50 टक्के श्रेयांक धरले. सामान्य पदवीत जे तत्त्व चालतं ते परिचर्येत जसंच्या तसं लावा असं मी म्हणणार नाही. वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचे तास कुणालाच माफ होता कामा नयेत, आणि सैन्यात जे हाताखालून गेलेलंच नसतं, म्हणजे प्रसूती, बालरोग, समाजातली परिचर्या, ते पूर्ण शिकावंच लागेल. पण शिरेत सुई घालणं ज्यानं हजारदा केलंय त्याला पहिल्या वर्षीच्या पुतळ्यासमोर पुन्हा उभं करण्यात रुग्णाचं कुठलं हित आहे? परीक्षा घ्या, जे येतं ते मोजा, उरलेलं शिकवा. 2023 मध्ये संसदेनं नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा मंजूर केला, 1947 च्या कौन्सिल कायद्याची जागा घेण्यासाठी. नियम नव्यानं लिहिले जाताना ही समकक्षता आणि माजी सैनिकांसाठी वयाची सवलत, या दोन ओळी त्यात घालणं हे काही क्षणांचं काम आहे.

नेतृत्वाचा मुद्दा मी शेवटी ठेवला, पण माझ्या दृष्टीनं तो सर्वांत महत्त्वाचा. आपल्या रुग्णालयांत परिचर्येचं नेतृत्व म्हणजे ड्यूटी लावणं, औषधांचं इंडेंट भरणं आणि रजेचे अर्ज. अधिसेविका या पदापर्यंत पोचायला आयुष्य जातं, आणि तिथे पोचलेल्या बाईला रुग्णालयाचं बजेट दाखवायची गरज कुणाला वाटत नाही. ख्रिस्टमननं याच गोष्टीशी झगडा मांडला. यँक्टननंतर मिशिगन राज्याच्या मानसिक आरोग्य विभागात सल्लागार म्हणून काम करताना त्यानं पाहिलं की जो शिकवतो तो रुग्णाला हात लावत नाही आणि जो हात लावतो त्याला शिकवायला मिळत नाही. 1972 मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठात नर्सिंग कॉलेज उभं करताना त्यानं दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिली: प्राध्यापकानं वॉर्डात काम करायचं, आणि नर्सिंगचा प्रमुख रुग्णालयाच्या कारभारातही बसायचा. व्हँडरबिल्टमध्ये असताना त्यानं तिथल्या नर्सिंग विभागात पहिल्यांदा कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमल्या. स्वतःला दाराबाहेर ठेवलं गेल्याची आठवण त्यानं अशी वापरली. आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत, माझ्या स्वतःच्या कामातही, वर्ग आणि वॉर्ड यांच्यात जी भिंत आहे ती पाहता रशचा हा प्रयोग आजही नवाच वाटतो.

सुभेदार झालेल्या माणसाला शंभर माणसांची हजेरी, शिधा, रजा, भांडणं, घरून आलेला फोन आणि मध्यरात्रीचा प्रसंग, हे सगळं एकाच वेळी सांभाळायची सवय असते. वरच्या अधिकाऱ्याला न दुखावता नाही कसं म्हणायचं हेही त्याला येतं. मनोरुग्णालयाची रात्रपाळी चालवायला याहून जवळची पूर्वतयारी मला माहीत नाही. धोकाही त्यातच आहे: उतरंडीची सवय. म्हणून त्याला सरळ वरच्या खुर्चीत बसवू नये. आधी वही, मग वॉर्ड, मग मानसिक परिचर्येची पोस्ट बेसिक पदविका, मग अधिकार.

2017 च्या कायद्यानं केंद्रीय आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात मानसिक आरोग्य परिचारिकेसाठी एक जागा राखून ठेवली आहे. अट आहे या क्षेत्रातल्या पंधरा वर्षांच्या अनुभवाची. आता हिशोब मांडू. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीस आणि 2027 मध्ये भरतात. त्यांतले जास्तीत जास्त 25 टक्के सैन्यात राहतील, बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी येतील. त्यांच्यासाठी आजवर जी दारं जाहीर झाली त्यांत निमलष्करी दलांतल्या राखीव जागा आहेत, राज्यांच्या पोलीस भरतीतली सवलत आहे. बहुतेक पुन्हा बंदुकीचीच. त्यांच्यातल्या कुणी 2027 मध्ये जीएनएमला प्रवेश घेतला तर 2030 मध्ये त्याची नोंदणी होईल, पुढच्या एक-दोन वर्षांत मानसिक परिचर्येची एक वर्षाची पदविका हातात येईल, आणि 2046 च्या सुमारास, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो प्राधिकरणातल्या त्या खुर्चीला पात्र ठरेल. त्यासाठी 2027 च्या प्रवेशअर्जावर माजी अग्निवीर आणि माजी नर्सिंग असिस्टंट यांच्यासाठी एक रकाना छापलेला असायला हवा.